बल, वजन, एककं आणि मोजमाप: कोल्हापूरच्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नववी ते बारावीची मुलं भौतिकशास्त्र शिकायला येतात, तेव्हा काही प्रश्न दरवर्षी हमखास येतात. आयटीआयची मुलं विचारतात, कधी पालकही विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. उदाहरणं मुद्दाम आपल्या भागातली घेतली आहेत, कारण ओळखीच्या वस्तूला चिकटलेला आकडा लक्षात राहतो. माझा आग्रह एकच आहे: सूत्र पाठ करण्याआधी त्यातली प्रत्येक राशी साधारण किती मोठी असते, याचा अंदाज आला पाहिजे.

भौतिक राशी कशाला म्हणायचं?

जे मोजता येतं आणि आकडा व एकक मिळून सांगता येतं, ती भौतिक राशी. तांबड्या रश्श्याचं तापमान ही राशी आहे, वाटीतल्या रश्श्याचं आकारमान ही राशी आहे, त्याची घनताही राशी आहे. दोन वेगवेगळ्या माणसांनी नीट मोजलं तर दोघांचं उत्तर जवळजवळ सारखं येईल. रस्सा झणझणीत आहे की बेताचा, यावर मात्र एका ताटावर बसलेल्या दोन भावांचंही एकमत होणार नाही. मिरचीतल्या कॅप्सेसिनचं प्रमाण प्रयोगशाळेत मोजता येतं, म्हणजे ते प्रमाण राशी झालं. जिभेला झालेली जाणीव राशी होत नाही.

आकड्यापुढे एकक लिहिलं नाही तर उत्तर पूर्ण होत नाही. "लांबी ५" याला काही अर्थ नाही. परीक्षेत त्याचे गुण कापले जातात ते योग्यच आहे.

मूलभूत एककं सातच का?

मीटर, किलोग्रॅम, सेकंद, अँपिअर, केल्व्हिन, मोल आणि कँडेला ही आंतरराष्ट्रीय पद्धतीतली सात मूलभूत एककं. सात हा आकडा निसर्गाने दिलेला नाही, जगभरातल्या मापनतज्ज्ञांनी सोयीसाठी ठरवलेला आहे. बाकी सगळी एककं या सातांतूनच तयार होतात. न्यूटन म्हणजे किलोग्रॅम गुणिले मीटर भागिले सेकंदाचा वर्ग. ज्यूल म्हणजे न्यूटन गुणिले मीटर. वॉट म्हणजे ज्यूल भागिले सेकंद.

यांच्या व्याख्या काळानुसार बदलत गेल्या आहेत. १९६७ पासून सेकंद सिझिअम-१३३ अणूच्या ठरावीक प्रारणाच्या ९,१९,२६,३१,७७० दोलनांवरून ठरतो. १९८३ पासून प्रकाश निर्वात पोकळीत सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढं अंतर कापतो, ते अंतर म्हणजे एक मीटर. किलोग्रॅम मात्र २०१९ पर्यंत पॅरिसजवळ सेव्र इथे ठेवलेल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या एका नळकांड्यावर अवलंबून होता. त्याची ५७ क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावरून, म्हणजे निसर्गातल्या एका कधीही न बदलणाऱ्या राशीवरून केली जाते. हा बदल मला फार मोठा वाटतो. मूळ नळकांडं कणभर झिजलं असतं तरी व्याख्येप्रमाणे ते बरोबर एक किलोच ठरलं असतं आणि जगातल्या बाकी सगळ्या वस्तूंचं माप बदललं असतं. ती अडचण आता राहिली नाही.

गुळाचा ३० किलोचा रवा (ढेप): हे त्याचं वस्तुमान की वजन?

वस्तुमान. त्या रव्यात द्रव्य किती आहे ते ३० किलोग्रॅम सांगतात. पृथ्वी त्याला खाली ओढते त्या बलाला भौतिकशास्त्रात वजन म्हणतात आणि ते न्यूटनमध्ये मोजतात. कोल्हापुरात गुरुत्वत्वरण (खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला जितका वाढतो ते) सुमारे ९.७८ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे, म्हणून या रव्याचं वजन ३० × ९.७८, म्हणजे सुमारे २९३ न्यूटन. हाच रवा चंद्रावर नेला तर गूळ ३० किलोच राहील, पण वजन सुमारे एक षष्ठांश होईल, जवळपास ४९ न्यूटन.

यापुढचा प्रश्न हुशार मुलं विचारतातच: मग मार्केट यार्डातला काटा नक्की मोजतो काय?

ते काट्यावर अवलंबून आहे. दोन पारड्यांचा तराजू एका बाजूचा गूळ आणि दुसऱ्या बाजूची मापं यांची तुलना करतो. गुरुत्वत्वरण दोन्हीकडे सारखंच असल्याने ते आपोआप निघून जातं आणि थेट वस्तुमान मिळतं. असा तराजू चंद्रावरही बरोबर चालेल. इलेक्ट्रॉनिक काट्याचं तसं नाही. त्याच्या प्लेटखाली लोडसेल असतो. भार पडला की लोडसेलचा धातू अगदी किंचित वाकतो, त्यावर चिकटवलेल्या पट्टीचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून आकडा दिसतो. म्हणजे तो काटा बल मोजतो आणि किलोग्रॅम दाखवतो.

आता गंमत बघा. दिल्लीत गुरुत्वत्वरण सुमारे ९.७९ आहे. आपण विषुववृत्ताला दिल्लीपेक्षा जवळ आहोत आणि समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहोत, म्हणून आपल्याकडे ते थोडं कमी भरतं. दिल्लीत जुळवलेला इलेक्ट्रॉनिक काटा तसाच इथे आणला, तर ३० किलोचा रवा त्यावर साधारण २५ ग्रॅम कमी दिसेल. एका रव्यात ते जाणवणार नाही, पण शंभर रव्यांत अडीच किलो होतात. म्हणून काटा जिथे वापरायचा तिथेच प्रमाणित मापं ठेवून जुळवतात, आणि वैध मापन शास्त्र विभाग ठरावीक मुदतीने तपासून त्यावर शिक्का मारतो. बाजारात गेलात तर तो शिक्का एकदा शोधून बघा.

एक न्यूटन म्हणजे हाताला किती जाणवतं?

तळहातावर साधारण १०० ग्रॅमची वस्तू ठेवा, एखादा मध्यम कांदा वगैरे. ती हाताला जेवढी दाबते तेवढा एक न्यूटन. पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली दहा न्यूटनच्या जवळपास. ५० किलोचं सिमेंटचं पोतं उचलायला जवळजवळ ४९० न्यूटन लागतात.

वस्तू चालू ठेवायला सतत बल लावावं लागतं ना?

नाही. हा गैरसमज सगळ्यात चिवट आहे. सायकलला पायडल मारणं थांबवलं की ती थांबते, असं रोज डोळ्यांना दिसतं. पण ती थांबते ती घर्षणामुळे आणि हवेच्या रोधामुळे. ही बलं नसती तर ती त्याच वेगाने सरळ जात राहिली असती. बलामुळे वेग टिकत नाही, वेग बदलतो, आणि त्या बदलाचा दर म्हणजे त्वरण.

गळीत हंगामात ऊस भरलेली ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने चाललेला असतो. तेव्हा इंजिनामुळे मिळणारं पुढचं बल आणि घर्षण व हवा यांचं मागचं बल बरोबर समान असतं. एकूण बल शून्य, म्हणून त्वरण शून्य. ट्रॅक्टर तरीही चालतच असतो. हे पटलं की न्यूटनचा पहिला नियम समजला.

आता ब्रेक मारू. समजा ट्रॉली उसासकट १० टन आहे आणि वेग ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. पाच सेकंदांत थांबवायची तर मंदन १ मीटर प्रति सेकंद वर्ग आणि बल १०,००० न्यूटन. समोर अचानक कोणी आडवं आलं आणि दोन सेकंदांत थांबवायची वेळ आली तर २५,००० न्यूटन लागतात. तेवढं बल ब्रेक आणि टायर देऊ शकले नाहीत, तर ट्रॉली थांबणार नाही, ड्रायव्हर कितीही तरबेज असो. म्हणूनच दुचाकी चालवणाऱ्या प्रत्येक मुलाला मी कळकळीने सांगतो: उसाच्या ट्रॉलीपुढे गाडी घुसवू नका.

क्रिया आणि प्रतिक्रिया समान व विरुद्ध असतात, तर मग काहीही हलतं कसं? दोन्ही एकमेकांना रद्द करत नाहीत?

करत नाहीत, कारण ती दोन वेगवेगळ्या वस्तूंवर लागतात. रद्द व्हायला दोन्ही बलं एकाच वस्तूवर हवीत.

खासबागच्या मैदानात दोन मल्ल एकमेकांना रेटत आहेत असं समजा. पहिला दुसऱ्याला ४०० न्यूटन बलाने ढकलतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने दुसराही पहिल्याला ४०० न्यूटननेच ढकलतो, मग तो हरणारा असो की जिंकणारा. मग मागे कोण जाणार? त्याचा निकाल पायाखाली लागतो. पहिल्याने पाय मातीत रोवून मातीला मागे रेटलं आणि मातीने त्याला ४५० न्यूटनने पुढे ढकललं. दुसऱ्याला मातीकडून ३५० न्यूटनच मिळाले. आता प्रत्येक मल्लाचा हिशोब वेगळा मांडा. पहिल्यावर पुढे ४५०, मागे ४००, म्हणून तो ५० न्यूटनने पुढे जातो. दुसऱ्यावर मागे ४००, पुढे ३५०, म्हणून तो ५० न्यूटनने मागे सरकतो. दोघंही १०० किलोचे असतील तर त्वरण अर्धा मीटर प्रति सेकंद वर्ग. छातीवरची बलं समान असूनही एक जण सरकला.

याच चित्रात आणखी एक गोष्ट दिसते. मल्ल ताठ उभा राहत नाही. तो गुडघे वाकवतो, पाय फाकवतो. त्यामुळे गुरुत्वमध्य खाली येतो आणि दोन पायांमधला आधार रुंद होतो. गुरुत्वमध्यातून सरळ खाली काढलेली रेषा जोवर त्या आधारात पडते तोवर माणूस पडत नाही. प्रतिस्पर्ध्याने पट काढला, म्हणजे एक पाय उचलून घेतला, की आधार उरतो एका तळव्याएवढा. मग थोडासा धक्काही ती रेषा बाहेर न्यायला पुरतो. वस्तादांनी हे पिढ्यानपिढ्या अंगाने शिकवलं आहे. पुस्तकातली आकृती त्याच्या नंतर आली.

करूळ घाटात वळणावर बाहेरच्या बाजूला फेकल्यासारखं वाटतं. ते बल कुठून येतं?

रस्त्यावर उभं राहून बघणाऱ्याच्या दृष्टीने बाहेर फेकणारं बल नाहीच. तुमचं शरीर जडत्वामुळे सरळ जाऊ पाहतं, गाडी वळते आणि गाडीची बाजू येऊन तुम्हाला आत ढकलते. आत, म्हणजे वळणाच्या केंद्राकडे, लागणारं बल हे खरं बल. त्याला अभिकेंद्री बल म्हणतात. गाडीत बसून हिशोब करायचा असेल तरच बाहेरच्या दिशेचं अपकेंद्री बल धरावं लागतं.

वळणाची त्रिज्या २५ मीटर आणि वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर. त्वरण = वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या = ४ मीटर प्रति सेकंद वर्ग. ६० किलोच्या प्रवाशाला २४० न्यूटन लागतात. वेग दुप्पट केला तर चौपट, ९६० न्यूटन. गाडीलाही हे बल टायरच्या घर्षणातूनच मिळतं, आणि पावसात घर्षण घटतं.

चाल आणि वेग यांत फरक काय?

चालीला दिशा नसते, वेगाला असते. रंकाळ्याला पूर्ण फेरी मारून सुरुवातीच्या जागी आलात तर कापलेलं अंतर कितीही असो, विस्थापन शून्य. म्हणून सरासरी वेगही शून्य. सरासरी चाल मात्र शून्य नाही. अंतर, चाल, वस्तुमान, तापमान, ऊर्जा या अदिश राशी. विस्थापन, वेग, त्वरण, बल, संवेग या सदिश.

पुराच्या बातम्यांत फूट, क्युसेक आणि टीएमसी येतात. एकाच पाण्याला तीन एककं कशाला?

कारण तीन वेगळ्या राशी आहेत. पावसाळ्यात सगळं कोल्हापूर हे आकडे बघतं, म्हणून हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो.

राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी फुटांत मोजतात. ती लांबी आहे. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. मीटरमध्ये सुमारे ११.९ आणि १३.१. २०१९ च्या पुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं.

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. हा पाण्याच्या प्रवाहाचा दर आहे. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १,४२८ क्युसेक विसर्ग होतो, म्हणजे सेकंदाला जवळपास ४० हजार लिटर. सातही दरवाजे उघडले की जवळजवळ १०,००० क्युसेक.

टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. हे आकारमान, म्हणजे साठा. एक टीएमसीत सुमारे २,८३२ कोटी लिटर पाणी मावतं. राधानगरीची क्षमता आठ टीएमसीहून थोडी जास्त आहे, कोयनेची सुमारे १०५.

यांना जोडणारा एक आकडा पाठ करून ठेवा: ११,५७४ क्युसेकने पूर्ण २४ तास पाणी वाहिलं की एक टीएमसी होतं. शंभर कोटीला दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागून पाहा. मोबाइलवर "धरणातून १०,००० टीएमसी पाणी सोडलं" असा मेसेज आला, तर तेवढं पाणी कोयनेसारखी जवळजवळ शंभर धरणं मिळून होतं. तिथे क्युसेक हवं होतं. असे मेसेज पुढे पाठवू नका, पूरकाळात लोक त्यावर घरं सोडायचे निर्णय घेतात.

विसर्ग दुप्पट झाला म्हणजे पातळी दुप्पट होईल, असंही नाही. नदी पात्रात असते तोवर पातळी भराभर चढते. पाणी काठाबाहेर पडून शिवारात पसरलं की तोच प्रवाह जास्त रुंदीवर वाटला जातो आणि एकेक इंच चढायला वेळ लागतो. उतरतानाही तसंच.

पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात, कारण तीही पाण्याच्या थराची उंची आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. गगनबावड्याला १०० मिलिमीटर पाऊस झाला असेल तर तिथल्या प्रत्येक हेक्टरवर दहा लाख लिटर पाणी पडलं.

धरणाची भिंत तळाला जाड का असते? मागे पाणी जास्त म्हणून?

पाणी किती दूरवर पसरलंय याने फरक पडत नाही, खोली किती आहे याने पडतो. दाब = खोली × घनता × गुरुत्वत्वरण. दहा मीटर खोलीवर पाण्याचा दाब सुमारे ९८ हजार पास्कल भरतो, जवळपास एका वातावरणाएवढा. म्हणजे तिथे भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर जवळजवळ दहा टन वस्तुमानाच्या वजनाएवढं बल लागतं. खोली वाढेल तसा दाब वाढतो, म्हणून भिंत खाली जाड.

पेट्रोल पंपावर टायरमध्ये भरलेली ३२ पीएसआय हवा म्हणजे सुमारे २.२ बार, आणि तीही बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा वरची. पंक्चर टायरचा गेज शून्य दाखवतो तेव्हाही आत बाहेरच्याइतकी हवा असतेच.

कार्य, ऊर्जा आणि शक्ती सारखीच वाटतात. कशी ओळखायची?

कोल्हापूरपेक्षा पन्हाळा सुमारे ४०० मीटर उंच आहे. ६० किलोच्या माणसाने स्वतःला तेवढं वर नेलं तर गुरुत्वाविरुद्ध झालेलं कार्य ६० × ९.७८ × ४००, म्हणजे सुमारे २ लाख ३५ हजार ज्यूल. चालत जा, धावत जा, गाडीने जा, हा आकडा तोच. शक्ती मात्र बदलते, कारण शक्ती म्हणजे दर सेकंदाचं कार्य. फक्त चढाईचा विचार केला तर दोन तास लागल्यास सरासरी ३३ वॉट, अर्ध्या तासात पोचल्यास १३० वॉट.

वीजबिलातलं एक युनिट म्हणजे किलोवॉट-तास, ३६ लाख ज्यूल. नावात वॉट असलं तरी युनिट ऊर्जेचं आहे. एका युनिटच्या ऊर्जेत असे पंधरा जण पन्हाळ्यावर चढतील. हा हिशोब पहिल्यांदा करणाऱ्या मुलांना वीज किती स्वस्तात मिळते ते तिथल्या तिथे कळतं.

शेतकरी कुटुंबातली मुलं मोटारीचं विचारतात. एक अश्वशक्ती ७४६ वॉट, म्हणून ५ एचपीची मोटार सुमारे ३.७ किलोवॉट. पाणी ३० मीटर वर चढवायचं असेल तर काहीही वाया न जाता सेकंदाला साडेबारा लिटरच्या आसपास पाणी येईल. प्रत्यक्षात पंप आणि पाइपमधलं नुकसान धरून बरंच कमी येतं. लांब, अरुंद पाइप टाकला तर आणखी कमी.

मायक्रोमीटर आणि व्हर्नियर अभ्यासक्रमात कशाला? मोजपट्टी पुरत नाही?

शाळेच्या मोजपट्टीचं लघुत्तम माप एक मिलिमीटर. व्हर्नियरचं साधारण ०.०२, मायक्रोमीटरचं ०.०१ मिलिमीटर. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या वर्कशॉपमध्ये शाफ्ट बेअरिंगमध्ये बसणार की नाही, हे या शतांशांवर ठरतं.

तिथल्या चांगल्या टर्नरचे हात बघा. लेथवरून जॉब (घडवलेला भाग) काढल्या काढल्या तो मोजत नाही, थंड होऊ देतो. लांबीच्या मापनासाठी जगभर २० अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान मानतात. १०० मिलिमीटर व्यासाचा पोलादी जॉब ३० अंशांनी जास्त गरम असेल तर तो सुमारे ०.०३५ मिलिमीटर मोठा भरतो. गरम असताना बरोबर वाटलेला जॉब थंड झाला की कमी मापाचा निघतो आणि भंगारात जातो. मग तो मायक्रोमीटर लावतो तेव्हा मुख्य दांडा आवळत नाही, टोकाचा रॅचेट फिरवतो आणि टक-टक आवाज आला की थांबतो. रॅचेटमुळे दर वेळी सारखंच बल लागतं. जास्त आवळलं तर फ्रेम किंचित ताणली जाते आणि माप कमी येतं. लांबी, तापमान आणि बल या तिन्ही राशी त्या एका मापात आहेत.

शिरोलीच्या फाउंड्रीत पॅटर्न (ज्यावरून साचा घेतात तो नमुना) मुद्दाम थोडा मोठा बनवतात, कारण बिडाचं कास्टिंग थंड होताना साधारण एक टक्का आकसतं.

उत्तर किती दशांश स्थळांपर्यंत लिहायचं?

मोजणीत जेवढी अचूकता आहे तेवढंच. मोजपट्टीने १२.३ सेंटिमीटर मोजून कॅल्क्युलेटरवरचे आठ आकडे उतरवणं म्हणजे न मोजलेल्या गोष्टीचा दावा करणं.

गुंठा, तोळा, सूत ही जुनी मापं आता चुकीची आहेत का?

चुकीची नाहीत, फक्त रूपांतर नेमकं माहीत हवं. भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, तरी बोलण्यात जुनी मापं आहेतच. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं आणि आर म्हणजे १०० चौरस मीटर. एकरभर, म्हणजे ४० गुंठे जमिनीत, गुंठा आणि आर एकच धरले तर सुमारे ४७ चौरस मीटरचा फरक पडतो. शहरालगतच्या भावात तो फरक लहान नाही. तोळा मुळात ११.६६ ग्रॅमचा, पण गुजरीत, म्हणजे आपल्या सराफ बाजारात, आता तोळा म्हणजे १० ग्रॅम धरतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर.

परीक्षेत सूत्र नीट आठवलं नाही तर?

एककं जुळवून बघा. लंबकाचा आवर्तकाल (एका पूर्ण दोलनाची वेळ) "लांबी भागिले गुरुत्वत्वरण" या भागाकाराच्या वर्गमुळाशी निगडित की उलट, असा गोंधळ झाला, तर मीटर भागिले मीटर प्रति सेकंद वर्ग म्हणजे सेकंदाचा वर्ग, त्याचं वर्गमूळ सेकंद. उत्तर सेकंदांत आलं, म्हणजे हीच बाजू बरोबर. पुढचा २π मात्र एककांवरून कळत नाही, तो लक्षात ठेवावा लागतो.

घरी गुरुत्वत्वरण मोजता येईल का?

येईल, आणि प्रत्येकाने एकदा मोजावंच. एक मजबूत, न ताणला जाणारा दोरा, एखादं जड नट आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच पुरे. दोरा दाराच्या चौकटीला पक्का बांधा. लांबी बांधलेल्या बिंदूपासून नटच्या मध्यापर्यंत मोजा, दोऱ्याच्या टोकापर्यंत नको. ती बरोबर एक मीटर ठेवा. झोका लहान द्या, दहा अंशांच्या आत. एका झोक्याची वेळ मोजू नका. ५० पूर्ण दोलनांची वेळ मोजून ५० ने भागा, म्हणजे बटण दाबताना होणारा उशीर वाटला जाईल. पन्नास दोलनांना साधारण १०० सेकंद लागतील. मग ३९.४८ गुणिले लांबी भागिले आवर्तकालाचा वर्ग करा. ९.७ ते ९.९ मध्ये उत्तर आलं तर मोजणी चांगली झाली. साडेनऊ किंवा सव्वादहा आलं तर आधी लांबी पुन्हा मोजा, कारण एका सेंटिमीटरची चूक उत्तरात एक टक्का फरक करते. त्याहून जास्त फरक असेल तर दोलनं मोजताना एखादं जास्त किंवा कमी धरलं गेलं आहे का ते तपासा.